ट्रायल बॅलन्सचा फरक नऊनं भागून बघा: अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना कॉलेजात शिकवताना

नवी बॅच आली की पहिले काही तास मी फळ्याकडे फारशी वळत नाही, नुसती बोलते. "तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं कोल्ड स्टोरेजचं पुढच्या सहा महिन्यांचं भाडं आजच भरलं. सांगा, हे कुठं जाणार?" बरेचजण 'खर्च' म्हणतात. एखादा मात्र मागच्या बाकावरून सांगतो, "मॅडम, अजून वापरलं कुठंय? मालमत्तेत दाखवायचं." उत्तर बरोबर, कारणही बरोबर. पुढं कधीतरी त्याचीच वही तपासायला येते. एकाच पानावर 'आगाऊ' तीन तऱ्हांनी लिहिलेलं, रकमा रकान्यातून खाली घसरलेल्या, फळ्यावरचं निम्मं उतरवलेलंच नाही. स्टाफरूममध्ये अशा मुलावर शेरा ठरलेला असतो: हुशार आहे, पण आळशी.

मी सांगलीत बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवते. निम्मा वर्ग एसटीनं येतो. पलूस, कवठेमहांकाळ, काही तर थेट जतहून. हे लिहितेय ते मुख्यतः नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांसाठी. आईवडिलांनी वाचलं तरी चालेल, मुलांनी वाचलं तर उत्तमच.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय ते थोडक्यात. वाचनाची अडचण डिस्लेक्सिया, लिहिण्याची डिसग्राफिया, आकड्यांची डिस्कॅल्क्युलिया. कुणाला एक असते, कुणाला दोन-तीन एकत्र. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. ही अडचण जन्मापासूनची असते आणि दहावी-बारावी झाली म्हणून संपत नाही. वीस वर्षांचा मुलगा तिच्यासकट कॉलेजात येतो, फक्त तोवर ती लपवण्यात पटाईत झालेला असतो.

आधी बघायचं काय

निदान करणं आपलं काम नाही. लक्ष ठेवणं आहे. बोलणं आणि लिहिणं यांत मोठी दरी दिसते का? फळ्यावरून उतरवताना इतरांच्या दुप्पट वेळ लागतो का? घ-ध, भ-म, थ-य, ब-व यांची अदलाबदल होते का? ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढावी लागते. ती भलत्याच अक्षराला लागते का? मराठी आकड्यांत ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत, तिथं गडबड होते का? चाचणीच्या दिवशी नेमकं डोकं दुखतं का? यातलं एखादं लक्षण कुणातही सापडेल. चार-पाच एकत्र आणि वर्षभर दिसली तर मनात नोंद करा.

आपल्या भागात एक घोळ हमखास होतो. मराठी माध्यमातून आलेलं मूल एकदम इंग्रजी पुस्तकं वाचायला लागतं आणि अडखळतं. ते सगळेच अडखळतात. त्यामुळं इंग्रजी वाचनावरून काहीही ठरवू नका. ऑफिसात एकट्याला बसवून मराठी पेपरातली साधी बातमी वाचायला द्या, मनातल्या मनात वाचली तरी चालेल, आणि मग काय वाचलं ते विचारा. मातृभाषेतही वाचन रेटत रेटत होत असेल तर मामला वेगळा आहे. आणि हो, सगळ्यात आधी डोळे नि कान तपासून घ्यायला सांगा. चष्मा लागून प्रश्न सुटला तर त्याहून बरं काय!

बोलायचं कसं

वर्गात नाही, स्टाफरूममध्ये नाही, शिपायासमोरही नाही. तास संपल्यावर, जिन्यात, चालता चालता. मी एवढंच म्हणते: "तू तोंडी छान सांगतोस. लिहिताना काहीतरी आडवं येतंय. काय येतंय ते आपण बघूया का?" 'अपंग', 'आजार', 'केस' हे शब्द तोंडातून काढू नका. पुष्कळ मुलांना हे ऐकून हायसं वाटतं. काही चिडतात. चिडले तर सोडून द्या, दार उघडं ठेवा.

घरी फोन करण्याआधी त्या मुलाला विचारा. अठरा पूर्ण झालेलं माणूस आहे ते. घरून काय ऐकू येईल याचीही तयारी ठेवा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा विषय निघाल्यावर एका मुलीची आई मला म्हणाली, "मॅडम, तसला कागद नको. उद्या स्थळं यायची आहेत." या भीतीवर भाषण देऊन उपयोग नसतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की कागद गळ्यात अडकवायचा नसतो. परीक्षा विभागाला दाखवायचा की नाही, आणखी कुणाला दाखवायचा, हे तीच ठरवणार. पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच कागदपत्रांची पिशवी घेऊन आल्या.

कागद

कायद्याचं बळ आपल्या बाजूला आहे, ते नीट माहीत असू द्या. १९९५ च्या जुन्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले, त्यात ती आली. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा: सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यातल्या शेवटच्या १ टक्क्याच्या गटात अध्ययन अक्षमता येते. बँकेच्या परीक्षा देणाऱ्या कितीतरी मुलांना हे ठाऊकच नसतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, म्हणजे वैश्विक ओळखपत्राचा, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात. तपासणी सरकारी रुग्णालयात. अध्ययन अक्षमतेची चाचणी मानसशास्त्रज्ञ घेतात. बुद्ध्यांक, वाचन, लेखन, गणित असं बरंच असतं, एका बैठकीत उरकेलच असं नाही. सिव्हिलला जाण्याआधी तपासणारं वैद्यकीय बोर्ड कुठल्या वारी बसतं आणि ही चाचणी तिथं होते की दुसरीकडं पाठवतात, हे विचारून घ्या. नाहीतर आटपाडीहून आलेल्या बापाचा एक रोजगार बुडतो आणि तो पुन्हा येत नाही. सोबत शाळेच्या जुन्या वह्या न्यायला सांगा. गुणपत्रिकेपेक्षा वहीतून जास्त दिसतं.

ज्यांनी दहावीला सवलत घेतली होती त्यांचा समज असतो की तोच कागद चालेल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या निकषांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं धरलं जातं. म्हणजे कॉलेजात आल्यावर एकदा तरी खेप घालावी लागते. ही खेप जुलैत घाला. ऑक्टोबरात परीक्षेचे फॉर्म भरताना सगळ्यांना जाग येते, तेव्हा उशीर झालेला असतो.

परीक्षा: वेळ आणि लेखनिक

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं, दोन तासांच्या पेपरला ४०. विद्यापीठाचं चालू परिपत्रक दरवर्षी बघून घ्या. आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरच्या कॉलेजांना ते शिवाजी विद्यापीठाचं. अर्ज कॉलेजमार्फत आणि मुदतीत गेला पाहिजे. परवानगीचं पत्र हातात आलं की त्याच्या तीन झेरॉक्स: एक मुलाकडे, एक केंद्रप्रमुखाकडे, एक तुमच्या ड्रॉवरमध्ये.

एवढं करून केंद्रावर कुणी हटकलं तर? २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढं दोन प्रकरणं आली. फेब्रुवारीत एका यूपीएससी परीक्षार्थीला रायटर्स क्रॅम्पमुळं, म्हणजे लिहिताना हात आखडण्याच्या विकारामुळं, लेखनिक (सांगेल ते लिहून देणारा) हवा होता. न्यायालय म्हणालं, लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. नोव्हेंबरात डिसग्राफिया असलेल्या मुलीचं प्रकरण होतं. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर तिला हक्काचा जादा तास मिळाला नव्हता. न्यायालयानं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला फैलावर घेतलं आणि तिच्यावरचा अन्याय कसा दूर करता येईल ते बघायला सांगितलं. हे दोन्ही निकाल केंद्रप्रमुखाला शांतपणे सांगितले की बहुधा पुढं वाद होत नाही.

आता लेखनिकाबद्दल माझं मत, जे सगळ्यांना पटत नाही. प्रत्येकाला लेखनिक लागत नाही. अकाउंट्समध्ये तर पुष्कळ मुलं जादा वेळ घेऊन स्वतः लिहिलेलं पसंत करतात, कारण रकाना डोळ्यासमोर असला की त्यांचं डोकं चालतं. लेखनिक घ्यायचाच असेल तर निदान दोन-तीन जुने पेपर त्याच्यासोबत सोडवून घ्या. सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. "नावे बाजूला, यंत्रसामग्री खाते, रक्कम चार-पाच-शून्य-शून्य-शून्य. खालच्या ओळीत, थोडं आत सरकून, बँक खाते" असं सांगता आलं पाहिजे (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट). सवय नसलेलं मूल "ते मशीनचं लिही ना" म्हणतं, लेखनिक बिचारा आपल्या मनानं लिहितो आणि गुण जातात. २०१८ च्या सूचनांनुसार, मुलानं स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं असावं लागतं. त्यामुळं बारावीचं मूल आधीपासून हेरून ठेवा. ऐन वेळी सापडत नाही.

वर्गात, वहीत

इथं थोडं रेंगाळते, कारण माझा जीव इथं आहे.

आकडा उलटा होणं हा या मुलांचा मोठा शत्रू. ४,३६५ चे ४,६३५ होतात. खतावणीत (लेजरमध्ये) एक रक्कम अशी उलटली की ट्रायल बॅलन्स, म्हणजे नावे आणि जमेच्या बेरजांचा ताळा, जुळत नाही. मूल पहिल्यापासून सगळं तपासायला लागतं, आणखी दोन आकडे उलटतात, रडकुंडीला येतं. पण जुन्या मुनीम लोकांचा एक उपाय आहे. फरक काढा आणि नऊनं भागा. इथं फरक २७०. नऊनं नि:शेष भाग गेला, उत्तर ३०. म्हणजे शेजारचे दोन अंक उलटले असण्याचा दाट संशय. ३० मधला ३ सांगतो की त्या दोन अंकांत तीनचा फरक आहे आणि मागचं शून्य सांगतं की जागा दशक-शतकाची आहे. मग पूर्ण वही चाळायची नाही. फक्त अशा रकमा शोधायच्या जिथं शतक आणि दशकात तीनचा फरक आहे. ३ आणि ६. सापडलं!

एक शून्य खाल्लं गेलं तरी फरक नऊनं भागला जातो. ४,५०० चे ४५० झाले तर फरक ४,०५०, भागाकार ४५०, म्हणजे चुकीची रक्कमच समोर येऊन उभी राहते. नऊनं भाग जात नसेल तर फरकाचं निम्मं करा आणि तेवढी रक्कम वहीत शोधा. ती नावेऐवजी जमेला गेली असेल. नऊचा भाग इतर चुकांतही कधी योगायोगानं जातो, त्यामुळं ही खूण आहे, पुरावा नाही. पण "माझं डोकंच चालत नाही" म्हणणाऱ्या मुलाच्या हातात स्वतःची चूक स्वतः पकडायचं हत्यार येतं. मी हे सगळ्या वर्गाला शिकवते, कुणाचं नाव न घेता. टॉपरसुद्धा वापरतात.

उलटण्याचं एक कारण आपल्या मोजणीतही आहे. पासष्ट म्हणताना आधी पाच येतात, मग साठ. ऐकून लिहिणारं मूल आधी ५ लिहितं आणि मग अडकतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विनोद झाले. मी मात्र वर्गात रकमा अंकाअंकानंच सांगते: चार, तीन, सहा, पाच. आणि सांगतासांगता फळ्यावरही लिहिते.

कागद चौकटींचा वापरा. एका चौकटीत एक अंक, स्वल्पविरामाला चौकट नाही. पाचवीतल्या गणिताच्या वहीसारखी दिसते म्हणून मुलं लाजतात. मग मी स्वतः त्याच वहीत उदाहरणं सोडवते. खतावणीचे छापील नमुने झेरॉक्स करून द्या, रकाने आखण्यातच ज्यांचा निम्मा वेळ जातो त्यांचा तो वाचतो. नावे बाजूला एक रंग, जमेला दुसरा, एवढं पुरे. सहा रंगांची रांगोळी काढली की उलट गोंधळ.

चाचणीची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात असते. बारा व्यवहार एका परिच्छेदात कोंबू नका. एका ओळीत एक व्यवहार, पुढं क्रमांक, तारीख डावीकडं. मला तपासायचंय ते हे की त्याला व्यवहाराची नोंद करता येते की नाही. 'यंत्रसामग्री'ची वेलांटी चुकली म्हणून अर्धा गुण कापून मी नेमकं काय मोजलं? शॉर्टहँडच्या परीक्षेत वेगच मोजायचा असतो, तिथं हिशेब वेगळा. माझ्या विषयात नाही. "मग बाकीच्यांवर अन्याय नाही का?" असं सहकारी विचारतात. त्यांना मी म्हणते, जादा तास सगळ्यांना देऊन बघा. ज्याला येत नाही तो शेवटच्या तासात खिडकीतून बाहेर बघत बसतो.

अभ्यासक्रम मात्र हलका करू नका. दया म्हणून पास करणं तर बिलकूल नको. त्या मुलाला ते कळतं आणि झोंबतं. मोठ्यानं वाचायला उभं करू नका. आणि वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीवर त्याची जबाबदारी टाकू नका, तिलाही तिचा अभ्यास आहे.

नोट्स आणि मोबाईल

नोट्स तासाच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाका, म्हणजे मूल वाचून किंवा ऐकून येतं आणि तासाला लिहिण्यापेक्षा ऐकण्यात लक्ष देतं. पण कशा टाकता ते बघा. हातानं लिहिलेल्या पानाचा वाकडा फोटो किंवा स्कॅन केलेली अंधूक पीडीएफ मोबाईलला धड वाचून दाखवता येत नाही. आणखी एक गोम आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या नोट्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण मोबाईलला वाचायला सांगा, तो काहीतरी अगम्य बरळतो. त्या एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या. एका सुट्टीचं काम आहे, पुढची कित्येक वर्षं पुरतं.

फॉन्ट साधा घ्या, 'मुक्ता' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी'. आकार १४, ओळींत दीडपट अंतर, उजवी कड जुळवायची नाही कारण शब्दांमध्ये खड्डे पडतात. डिस्लेक्सियासाठी म्हणून खास फॉन्ट आणि रंगीत काचा मिळतात. त्यांचा फायदा अभ्यासांत ठामपणे दिसलेला नाही, तिथं पैसे घालू नका. मोकळी जागा फुकट मिळते आणि उपयोगी पडते.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुलभतेच्या पर्यायांत 'सिलेक्ट टू स्पीक' आहे, तो निवडलेला मजकूर मराठीतही वाचून दाखवतो. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर माईक दाबून मराठीत बोललं की टाइप होतं. थिअरीच्या उत्तरांचा कच्चा मसुदा असा तोंडी काढायला लावा. छापील पानावर गूगल लेन्स धरलं की मजकूर उचलता येतो. वर्गात तास रेकॉर्ड करायची परवानगी द्या, फक्त ते बाहेर फिरवायचं नाही एवढं सांगा. पुस्तकं ऐकायच्या स्वरूपात करताना कॉपीराइटची धास्ती घेऊ नका. २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तींसाठी सुलभ प्रत करायला कायद्यानंच मोकळीक दिली आहे, नफ्यासाठी नसली म्हणजे झालं. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. आपल्या ग्रंथपालांना त्याची चौकशी करायला सांगा.

परीक्षेचा दिवस

आदल्या दिवशी केंद्र बघून या. स्वतंत्र खोली मिळणार असेल तर ती कुठल्या मजल्यावर, पर्यवेक्षक कोण, जादा वेळ चालू असताना घंटा वाजली तर उत्तरपत्रिका ओढून घेणार नाहीत ना, हे सगळं केंद्रप्रमुखाशी बोलून ठेवा. प्रवेशपत्र, परवानगीचं पत्र, यूडीआयडी कार्ड, लेखनिकाचं ओळखपत्र एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. लेखनिकाचा चहा-नाश्ता आणि गाडीखर्च कुणी करायचा तेही आधी ठरवा, त्या क्षणी कुचंबणा नको.

आणि एसटीचं बघा. दुपारच्या सत्राचा पेपर एक तास लांबला की जतकडची ठरलेली गाडी चुकते, पुढची कधी लागेल याचा भरवसा नसतो. ते ध्यानात येऊन मूल जादा वेळ न वापरताच उठतं. मी दोनदा पाहिलंय. घरच्यांना तारखा आधी कळवा, कुणाच्या मोटारसायकलवर जायचं ते ठरवा, किंवा मिरजेत-सांगलीत नातेवाइकांकडे मुक्काम लावून द्या. मुलींच्या बाबतीत हे वेळापत्रक हातात पडल्याबरोबर करा.